न वाजणारे साप

कड्याखालच्या कपारीवरून मी आणि बाबा वर्षभर भांडत होतो. टेक्सासमधल्या आमच्या रानात खुळखुळे साप, म्हणजे शेपटी वाजवणारे विषारी रॅटलस्नेक, उरलेली ती एकच जागा. प्राणिशास्त्र शिकून घरी आले तेव्हापासून मला ती राखायची होती. बाबाला मात्र मार्चमधल्या सापजत्रेत, जिथे पकडलेले साप वजनावर विकले जातात, ते पिंप भरून न्यायचे होते. त्याचा बापही न्यायचा.

शेवटी तोच म्हणाला, "आत पेट्रोलचा एक फवारा मारतो, वाफेने साप चवताळतात. शेपट्या वाजल्या तर साप माझे. नाही वाजल्या तर कपार तुझी, डेला. कबूल?"

"पेट्रोल नको, बाबा."

"मग काय, गुलाबपाणी शिंपडू?"

त्याने तांब्याची लांब नळी आत सरकवली आणि पंप दाबला. आम्ही कान देऊन बसलो. काहीच वाजलं नाही.

"कपार रिकामी आहे. घे, ठेव सांभाळून," तो हसला.

"रिकामी नसेल. वाजणारे साप तुम्ही लोकांनी पिढ्यान् पिढ्या वेचून नेले. उरले ते गप्प राहणारे. आता पिल्लंही त्यांचीच."

"साप म्हटला की वाजतोच, पोरी. हे कॉलेजात नाही शिकवत."

नळी अडकली होती. ती सोडवायला त्याने हात आत घातला.

साप मनगटाला लोंबकळतच बाहेर आला. बाबाने तो दगडावर आपटला, टाचेखाली दाबला, चाकूने मुंडकं उडवलं आणि शिव्या देत त्याच चावलेल्या हाताने ते उचललं. तुटलेल्या मुंडक्याने त्याच्या अंगठ्यात पुन्हा दात रोवले. चाकूचं टोक घालून मी जबडा उचकटला. हात कोपरापर्यंत काळानिळा फुगू लागला होता.

"गाडीत बस. दवाखाना लांब आहे."

"आधी हा डबा आत ओत. सगळा. काडी लाव. मग बसतो."

"मरशील!"

"मग लवकर ओत."

पेट्रोलचा डबा त्याने छातीशी धरला होता. मी त्याच्या गुडघ्यामागे लाथ घातली. तो कोसळला. डबा हिसकावून मी वाटेवरच्या खडीत पालथा केला.

"संपलं. आता ऊठ."

तो उठला आणि धड हाताने माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. मी गाडीचं दार उघडून धरलं. माझ्या खांद्यावर भार टाकून तो आत बसला.

"सीटचा पट्टा लाव," तो म्हणाला. "एका हाताने जमत नाही मला."