पाचवा मुद्दा

आमच्या संजीवसाहेबांना कोणी ‘नाही’ म्हटलेलं खपायचं नाही. माणूस वाईट नव्हे हो! हुशार, कामाला वाघ. पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. सत्त्याऐंशी साली दोह्याजवळच्या एका प्लँटवर ते मेंटेनन्सचे इंजिनियर होते आणि मी, नयना, त्यांच्या ऑफिसात टर्मिनलवर बसायचे. कंपनीचे सगळे प्लँट तेव्हा नुकतेच कॉम्प्युटरने जोडले होते. एकानं प्रश्न टाकायचा, बाकीच्या इंजिनियरांनी आपापलं मत लिहायचं. त्याला सगळे ‘बोर्ड’ म्हणायचे. आलेली उत्तरं छापून साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम.

त्या बोर्डावर रुवैस गावाच्या बाजूच्या प्लँटचा कमाल नावाचा एक इजिप्शियन होता. महा भांडकुदळ! कोणी काही लिहिलं की ह्याचं ‘चूक’ ठरलेलं. आदल्या वर्षी त्यानं साहेबांची एक चूक सगळ्यांदेखत दाखवली. झालं! तेव्हापासून साहेब आपले प्रश्न मराठीत टाकायला लागले, इंग्रजी अक्षरांत. वेगवेगळ्या प्लँटवर आपली मंडळी होतीच. सगळी साहेबांपेक्षा ज्युनियर, शुक्रवारच्या सुट्टीला दुहैल भागात त्यांच्याच घरी जेवायला जमणारी. ती कशाला नाही म्हणतील? ‘बरोबर आहे साहेब’, खलास. साहेब खूश.

त्या दिवशी सकाळी मी बोर्ड उघडला. साहेबांनी लिहिलं होतं: तेलाची जुनी टाकी रिकामी करून हवेशीर ठेवली आहे, दाराशी गॅस मीटर शून्य दाखवतो, तळाला थोडा गाळ आहे, चहानंतर वेल्डर आत सोडतोय, कोणाची हरकत? खाली एकजात सगळ्यांचं तेच. बरोबर आहे साहेब.

वेल्डर म्हणजे जालिंदर. माझ्या सासरच्या गावचा, करमाळ्याकडचा. मीच शब्द टाकून त्याला इथं आणलेला. निघताना त्याच्या आईनं, हौसाबाईंनी, माझा हात धरून ‘पोरगं तुज्या पदरात घातलंय बाई’ म्हटलं होतं. मला टाकीतलं काही कळत नाही. पण ज्या बोर्डावर साध्या नटबोल्टवरून हमरीतुमरी व्हायची, तिथं जिवंत माणूस आत घालायचा तर कोणी ‘पण’सुद्धा म्हणत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. हरकत घेणाऱ्याला प्रश्न वाचताच येत नव्हता, तर तो हरकत घेणार कशी?

मी दार लोटून घेतलं, साहेबांचा प्रश्न इंग्रजीत केला आणि बोर्डावर टाकला, माझ्या नावानं. नोकरी गेली तर गेली. चहा गार झाला तरी स्क्रीन कोरा. नेमकी आजच ह्या कमालची दातखीळ बसली? रोज बोंबलतोस ना मेल्या, आज बोल की!

बोलला. चांगले पाच मुद्दे, आणि सूर असा की समोर असता तर कानाखाली काढली असती. मी छापलेला कागद टरकावला आणि पळत सुटले.

टाकीपाशी आत उतरायच्या परमिटवर सही झालेली होती. जालिंदरचा एक पाय दारातून आत गेलेला.

“जालिंदर, बाहेर ये! यल्ला, लवकर!” मी ओरडले.

तो गोंधळून थांबला. साहेब गर्रकन वळले. “नयना, काय तमाशा लावलाय हा?”

“कमालचं उत्तर आलंय, साहेब. मी विचारलं होतं त्याला.”

“तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?” साहेबांनी कागद हिसकावला आणि उभ्या उभ्या वाचत सुटले. “पहिला मुद्दा चूक, हवा आपण खेळवलीय. दुसरा चूक, पाइप बंद केलेत. तिसरा, चौथा, फालतू! ह्या माणसाला विरोध केल्याशिवाय अन्न पचत नाही.”

“चार चुकले असतील हो साहेब. पाचवा?”

पाचवा गाळाचा होता. कमालनं लिहिलं होतं, दाराशी मोजून काय उपयोग? गाळ ढवळला, तापला, की त्यात अडकलेला गॅस पुन्हा सुटतो. आधी ढवळा आणि मग तळाशी मोजा.

“हाही खोटा ठरवतो, तुझ्यादेखत,” साहेब दातओठ खात म्हणाले. “मग सामान आवर आणि घरी जा. कायमची.”

त्यांनी लांब दांड्याचं फावडं मागवलं आणि मीटरची नळी स्वतः तळापर्यंत सोडली. जालिंदरनं वाऱ्याची बाजू बघून, बाहेरूनच दांडा आत घातला आणि गाळ हलवला. काहीच नाही. साहेब माझ्याकडे बघून हसले. घरी आता काय सांगू, हाच विचार डोक्यात. जालिंदरनं आणखी जोर लावला.

मीटर केकाटायला लागला.

साहेबांनी नळी ओढून घेतली, झटकली, पुन्हा सोडली. तो थांबेचना. मग त्यांनी सगळ्यांना मागे हटवलं, परमिट फाडलं आणि लांब जाऊन भिंतीच्या सावलीत मटकन खाली बसले. मला तर रडूच फुटलं. तोंडाला पदर लावून मी तिथंच उभी राहिले.

जालिंदर हेल्मेट हातात घेऊन जवळ आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “वैनी,” तो हळूच म्हणाला, “ह्ये कमालसाहेब आपल्यातलंच का वो?”

मी डोळे पुसून तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबच बोलले, खाली मान घालून.

“नाही रे. आपल्यातला असता तर ‘बरोबर आहे साहेब’ म्हणाला असता.”