प्रेसखालचे केळे

मित्रांनो, माझ्या फुटलेल्या पडद्याकडे असे पाहू नका. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मला लोखंडी सळईने मारले आहे.

पारोळ्याच्या सबीहाताईंनी मला जळगावच्या दुकानातून जुनाच विकत घेतले. शिकवण्या आटोपून, सात वर्षे खपून त्यांनी माझ्यावर एक भाषा रचली, यंत्रांना हुकूम देण्याची. ती त्यांनी जगाला फुकट दिली. कोणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी. घेणारे पुष्कळ आले, सुधारायला कोणी आले नाही. तरी मला फार अभिमान वाटे.

नरडाण्यात मगनशेठच्या कारखान्यातले कापसाच्या गाठी दाबणारे प्रेस याच भाषेवर चाले. एकदा ताईंना तिच्यात चूक सापडली. वीज जाऊन परत आली की प्रेस आपोआप खाली येई. दुरुस्तीसाठी तीन महिने शिकवण्या सोडून बसावे लागणार होते. तेवढा खर्च शेठने द्यावा, म्हणून त्या मला घेऊन गेल्या. त्यांनी प्रेसखाली केळे ठेवले आणि वीज बंद करून चालू केली. केळ्याचा चिखल झाला.

शेठ हसले. "फुकटच्या वस्तूला कसले पैसे, ताई? एक केळंच गेलं ना!"

"शेठ, पाणपोईचं पाणी फुकटच असतं, पण रांजण कोणीतरी भरतंच ना? निदान तोवर प्रेस बंद ठेवा."

शेठने ऐकले नाही. आम्ही फाटकापर्यंतही पोचलो नव्हतो, तोच वीज गेली आणि आली.

"मना हात!" माझा हात, म्हणून कोणीतरी अहिराणीत किंचाळले.

प्रेसवरचे कामगार सुकलालभाऊ अडकलेला कापूस काढत होते. हाडे मोडल्याचा आवाज मी ऐकला. पांढऱ्या कापसावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. उजव्या हाताची चार बोटे गेली.

"हिच्याच भाषेनं हात खाल्ला!" शेठ ओरडले, आणि त्यांच्या माणसांनी सळया उचलल्या. ताईंनी मला छातीशी धरले. पहिला घाव त्यांच्या मनगटावर बसला, दुसरा माझ्यावर. मला त्या शेठचा आजही संताप येतो.

आठवड्याने कामगारांनी काम बंद पाडले. हात गळ्यात बांधून सुकलालभाऊ फाटकात बसले. "ताईले पैसा द्या. बठ्ठासना हात वाचाले पाहिजेत." बठ्ठासना, म्हणजे सगळ्यांचे. शेवटी शेठने दिले, ताईंनी मागितले होते तेवढेच.

भाषा दुरुस्त झाली. भाऊंनी डाव्या हाताने प्रेसखाली केळे ठेवले. वीज गेली, आली. केळे तसेच राहिले. भाऊंना ते एका हाताने सोलता येईना, म्हणून ताईंनी सोलून दिले.

मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू आनंदाने वापरा. पण तिला राखणारा दारात आला, तर तेव्हाच त्याचे ऐका. पैसे नंतरही तेवढेच लागतात. बोटे परत येत नाहीत.