रबरी माशांचा भाव

तिचं दुधाचं पातेलं पुन्हा गॅसवर चढलं होतं आणि आत दूध नव्हतं, चिकट प्लास्टिक होतं. नवरा ते ढवळत होता आणि तोंडाने हिशेब चालला होता. प्लास्टिकचे एवढे, रंगाचे एवढे, चमकीचे एवढे, स्वतःच्या मेहनतीचे एवढे. गॅसपाशी आल्यावर मात्र त्याने काहीच धरलं नाही, कारण गॅस घरचा.

"घरचा म्हणजे फुकट येतो का?" तिने विचारलं.

निवृत्त झाल्यापासून हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. पंपांच्या कारखान्यात जन्मभर लोखंड कापलेला माणूस आता गळाला लावायचे रबरी मासे ओतत होता. बोटाएवढे, मऊ, शेपटी नखासारखी पातळ. पाण्यात ओढले की शेपटी वळवळते आणि खरा मासा फसतो म्हणे. आजवर सगळे मित्रांना वाटून झाले. पण परवा गळ आणि दोऱ्या विकणाऱ्या दुकानदाराने ते पाहिले, दर आठवड्याला घेईन म्हणाला, आणि आज संध्याकाळी भाव ठरवायला येणार होता. सकाळपासून घरात दुसरा विषय नव्हता.

हिशेब तरी कसला तो! बिघडलेले मासे तो परत पातेल्यात टाकून वितळवायचा, म्हणून त्यांचा खर्च शून्य. म्हणजे जितके जास्त बिघडतील तितका माल स्वस्त! पुन्हा गॅस जळतो, रंग करपून मातकट होतो, त्याचं काय? तर मातकट रंगावर मासे जास्त येतात, हे वर ऐकवलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी त्याने एका नगाचा भाव काढला आणि मोठ्या ऐटीत सांगितला.

"आणि कातरकाम?" ती म्हणाली.

साच्यातून निघालेल्या प्रत्येक माशाच्या कडेला पापुद्रा राहायचा. तो बारीक कात्रीने काढायचा, आणि शेपटीला धक्का लागता कामा नये. हे काम तिचं. लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची, नगावर पैसे घ्यायची. आता रोज दुपारभर मान मोडून मासे कातरत होती.

"ते आपण घरीच करतो की."

"आपण?"

"अगं, तुझे पैसे कसे लावू? तू काय परकी आहेस?"

तिला संताप आला. तिने कात्री त्याच्यासमोर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. करा म्हणावं.

बऱ्याच वेळाने डोकावली, तर ताटात एका बाजूला मासे आणि दुसऱ्या बाजूला शेपट्या. तो गुपचूप बिनशेपटीचे मासे पातेल्यात सोडत होता.

"यांचाही खर्च शून्यच ना?" तिने विचारलं. तो जोरजोरात ढवळू लागला.

संध्याकाळी दुकानदार आला. तिने कातरलेले कालचे मासे त्याने उलटेपालटे करून पाहिले, कडा किती साफ आहेत म्हणून कौतुक केलं, आणि भाव विचारला. नवऱ्याने सांगितलेला आकडा सकाळच्या दुपटीहून जास्त होता. चहाचा ट्रे घेऊन ती दारातच थबकली.

दुकानदार हसला. एवढं महाग कुठे असतं प्लास्टिक, म्हणाला.

"प्लास्टिकचे थोडेच आहेत. बाकीचे कातरकामाचे."

"ते तर काकूच करतात ना? घरच्या माणसाचे कसले पैसे, काका?"

"तिच्या हातचं आहे म्हणून तुम्ही घेताय," नवरा म्हणाला. "ते धरायचे नसतील तर राहू द्या."

दुकानदाराने चहा संपवला, कळवतो म्हणाला आणि गेला. तो काही कळवणार नाही, हे दोघांनाही समजलं.

ती चिडलीच. इतक्या वर्षांनी चार पैसे स्वतःच्या हातात आले असते. थोडं कमी करायला काय झालं होतं, एवढं ताणायची काय गरज होती? सकाळी तूच तर म्हणालीस, असं तो पुटपुटला आणि दुधाचं पातेलं घासायला बसला. जन्मात पहिल्यांदा. प्लास्टिक काही निघेना.

"माझे किती लावले होते?" तिने विचारलं.

"माझ्या दुप्पट."

"वेडे आहात. राहू द्या ते पातेलं, आता त्यात दूध थोडंच तापवणार आहे मी?"

मग तिने उरलेल्या माशांचं ताट पुढे ओढलं आणि दिव्याखाली कात्री घेऊन बसली. तो ओल्या हातांनी समोर बसून बघत राहिला. एकही शेपटी तुटली नाही.