पक्ष्यांना दात नसतात

डोंगरावरच्या तिन्ही लॉजची मालकीण एकच, आणि ती आडपडदा ठेवणाऱ्यांतली नव्हती. सहल निघायच्या आधीच तिनं टिटवीला सांगून टाकलं होतं, "तुझे बाबा होते तोवर प्रश्नच नव्हता. आता पाहुण्यांना पक्षी दाखवायचा हंगाम तुझे काकाही मागताहेत. लोक माझ्याकडे कर्णा पक्षी बघायला येतात. ही फेरी कर, मग ठरवते हंगाम कोणाला द्यायचा ते."

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तोंड मिटत नसे म्हणून बाबांनी ठेवलेलं, पुढे लॉजच्या नोकरांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. बाबा मागच्या हंगामाच्या अखेरीस गेले. ज्यांनी आधीच नावं नोंदवली होती त्यांना तिनं एवढंच कळवलं, की बाबा नाहीत, मी आहे. कोणीही सहल रद्द केली नाही. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही, पण त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवली.

यावेळी पाहुणे तिघंच. एक दंतवैद्य बाई, तोफेएवढा कॅमेरा घेतलेले त्यांचे यजमान, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक हेडबाई, ज्या जंगलातही "मागे कोण बोलतंय?" असं विचारायच्या. खालच्या लॉजला ओढ्याकाठी खंड्या दिसला. मधल्या लॉजच्या व्हरांड्यासमोर एक सुतारपक्षी नाश्ता संपेपर्यंत खोडावर ठोकत बसला, जणू त्याला कामावरच बोलावलं होतं. टिटवी प्रत्येक पक्षी सगळ्यांच्या आधी हेरत होती आणि सगळ्यांना दिसेपर्यंत पुढे सरकत नव्हती. आपल्याला हे काम येतं, याबद्दल तिला शंका नव्हती. राहिला होता फक्त कर्णा.

कर्णा म्हणजे पोट लालभडक, शेपटी लांब आणि टोकाला कातरल्यासारखी. पण हा गृहस्थ नेमका आपल्याकडे पाठ करून बसतो, आणि पाठ जंगलाच्याच रंगाची. डोळ्यासमोर असला तरी दिसत नाही. म्हणून बाबा त्याला शीळ घालून बोलवायचे. त्यांचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे तिसऱ्या सुरानंतर थोडी हवा निसटायची. कर्ण्यानं कधी तक्रार केली नाही. टिटवीचे दात धडधाकट होते, पण ती शीळ शिकली ती त्या निसटत्या हवेसकट.

वरच्या लॉजला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी ते धुक्यात बाहेर पडले. झाडांच्या बुंध्यांना शेवाळ, पानांवरून टपटपणारं पाणी, आणि सगळ्यांच्या मोज्यांवर जळवांसाठी तंबाखूची पूड. वळणावर टिटवी थांबली, तिनं शीळ घातली आणि वाट पाहिली.

दरीतून उत्तर आलं. तीन सूर, मग निसटलेली हवा, मग पुढचे सूर.

पक्ष्यांना दात नसतात, त्यामुळे पक्ष्याचा दात तुटतही नाही. हे तिला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि तरी पाय दरीकडे वळले. बाबा तिथे असतील असं काही तिला वाटलं नव्हतं. ती एवढी भाबडी नव्हती. फक्त ती शीळ थांबू नये, असं वाटत होतं. आपण घातली नाही तर तीही थांबेल, म्हणून ती घालत राहिली. एरवी पाहुण्यांना पायवाट सोडू न देणारी टिटवी त्यांना घेऊन ओल्या नेच्यांतून खाली निघाली. हेडबाई दोनदा घसरल्या आणि दोन्ही वेळा काही झालंच नाही अशा उठल्या. दरीतली शीळ जवळ येत होती.

मग नेचे बाजूला झाले, आणि समोर दुर्बिणी दिसल्या. चांगल्या चार-पाच दुर्बिणी, सगळ्या यांच्यावर रोखलेल्या. आपल्या पाहुण्यांच्या पुढे काका उभे होते, ओठांचा चंबू तसाच. बाबांचा धाकटा भाऊ. त्यांचे डोळे ओले होते. धुकं होतं म्हणा.



"तू होतीस होय," काका म्हणाले.

"तुम्ही होतात, काका."

"मला वाटलं..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. तिनंही ते उचललं नाही.

"म्हणजे," हेडबाई कपड्यांवरचा चिखल झटकत म्हणाल्या, "एवढं खाली उतरलो ते यांच्या काकांना बघायला?"

"दुर्मीळ आहेत ते," टिटवी म्हणाली. "घरीसुद्धा क्वचित दिसतात."

दंतवैद्य बाई काकांचं तोंड निरखत होत्या. "शीळ ऐकून मी म्हणणारच होते, पुढचा दात तुटलाय. पण यांचे तर शाबूत आहेत."

"शीळ दादाची आहे हो," काका म्हणाले. "आम्हाला तेवढीच येते."

त्यावर यजमान हसले, मग दोन्हीकडचे सगळे हसले, आणि त्या गडबडीत काका टिटवीच्या जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "चल माझ्याबरोबर. खालच्या ओढ्यावर माझी जागा आहे. दोघांच्याही लोकांना कर्णा दाखवतो. मालकिणीला सांगू, दोघांनी मिळून दाखवला."

त्यांना तिचं वाईट चिंतायचं नव्हतं, हे तिला दिसत होतं. हेही दिसत होतं की आज त्यांच्या मागून गेली, तर पुढचे सगळे हंगाम मागूनच चालावं लागेल. ती नाही म्हणणार, तेवढ्यात वरच्या अंगाला कुठेतरी सूर उमटले. स्वच्छ, एकसारखे, मधे कुठे हवा न निसटता.

काकांचे ओठ लगेच पुढे आले. टिटवीनं त्यांच्यासमोर हात आडवा धरला.

"नको, काका."

"अगं, बोलावल्याशिवाय येईल का तो?"

"सकाळपासून बोलावणंच चाललंय. त्याच्या हद्दीत दोन कर्णे भांडताहेत असं वाटतंय त्याला. तो बघायला येतोय. आता आणखी शीळ घातली तर पळेल. सगळ्यांनी खाली बसायचं."

"टिटवीनं लोकांना गप्प करावं," काका पुटपुटले, "दादानं ऐकायला हवं होतं." पण बसले. त्यांच्या मागोमाग त्यांचे पाहुणेही बसले, ओल्या मातीतच.

ती मात्र उभी राहिली, खोडाला पाठ टेकून. शीळ घालायची नाही म्हटल्यावर ऐकायला पुष्कळ उरलं होतं. थेंब पडत होते, एक किडा किरकिरत होता. बाबा असते तर त्यांनी एव्हाना हाक मारलीच असती, असं तिच्या मनात आलं. त्यांना धीर नव्हता. दवाखान्यातही नव्हता. हे आठवून तिला दुखलं, पण नजर हलली नाही.

डावीकडच्या वेलीत एक पान वाऱ्याशिवाय हललं.

"वाकडी फांदी दिसतेय? तिच्या टोकाला, वेलीच्या मागे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "पाठ आहे. बोट दाखवू नका. वळेल."

कर्णा बसला होता, जंगलाचाच तुकडा असल्यासारखा. मग त्यानं भांडखोरांना शोधत मान फिरवली, आणि अंगही फिरवलं. धुक्यात ते लाल पोट एकदम समोर आलं. यजमानांचा कॅमेरा खटखटत राहिला. मागे कोण बोलतंय, असं हेडबाईंना विचारावं लागलं नाही. भरपूर वेळ बसून तो आपल्याच मर्जीनं उडून गेला.

दुपारी जेवणाच्या लांब टेबलावर दोन्ही गट एकत्र बसले. मालकीण वाढत वाढत आली.

"दिसला म्हणे. कोणी दाखवला?"

काकांनी घास संपवला.

"हिनं," ते म्हणाले. "मला तर तोंडही उघडू दिलं नाही."

मालकीण टिटवीकडे वळली. "मग? काय करायचं हंगामाचं?"

"हंगाम मी घेते," टिटवी म्हणाली. "गट दोन झाले तर काकांनाही बोलवेन."

"कोणाच्या हाताखाली?" काकांनी विचारलं.

"माझ्या."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग ताटात बघून म्हणाले, "बरं. तेवढं मीठ सरकव इकडे."