दुलीचंद महाराजांचा समुद्र

बालाघाटात समुद्र आला होता. एका भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत, सहा फुटी काचेच्या टाकीत तो राहायचा, आणि दर पौर्णिमेला त्याला भरती-ओहोटी यायची. परसवाड्यापासून रामपायलीपर्यंतची माणसं सकाळपासून अंगणात बसलेली असत. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे हा समुद्र खरा नाही असं म्हणणार कोण?

दुलीचंद महाराज टाकीशेजारच्या गादीवर बसत. "सागरदेव रुसले," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले की आतलं पाणी कुणी हात न लावता वीतभर उतरे. नारंगी मासे उरल्या पाण्यात दाटीने फिरत. "पुकारो," महाराज म्हणत. लोक पुकारत, पाणी पुन्हा काठापर्यंत चढे आणि बायकांच्या डोळ्यांना धारा लागत.

मग टाकीखालच्या लाल पडद्याआड हात घालून महाराज फेसाचा प्याला काढत. देवांनी समुद्र घुसळला तेव्हा अमृत एकदाच निघालं, आपल्याकडे रोज निघतं, असं ते ठासून सांगत. अमृत पिवळट होतं, खारट होतं आणि त्याला वास मारायचा. वास फक्त पाप्यांना येतो, हेही महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ज्याला वास आला तो निमूटपणे पिऊन टाकी.

महागूला या समुद्राची नस न् नस ठाऊक होती, कारण तो त्यानेच बसवला होता. महागू नळ-पाइपाची कामं करायचा. दीड वर्षापूर्वी महाराज नुसते दुलीचंद होते, नागपुरातलं शोभेच्या माशांचं दुकान गुंडाळून आलेले. टाकीच्या वरच्या कडेपासून एक पाइप, त्यातून मिठाचं पाणी खालच्या झाकलेल्या टाकीत पडणार, तिथे गाळलं जाणार आणि मोटर ते पुन्हा वर चढवणार, असं ते काम होतं. वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात वीतभर बुडवून ठेव, असं दुलीचंदने सांगितलं. महागूने हटकलं. मोटर बंद झाली की याच पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जाईल, पाण्याच्या रेषेशी बारीक छिद्र पाडू, म्हणजे हवा शिरून ओढ तुटेल. दुलीचंद म्हणाला, छिद्र नको. बाजूच्या फेसाच्या नळकांड्याबद्दल विचारलं तेव्हा तो हसला होता. "हा घाणीचा डबा. बुडबुड्यांना माशांचा मळ चिकटतो अन् फेस होऊन वर येतो. रोज नालीत फेकायचा."

पुढे महागूला उकव्याच्या खाण वसाहतीत पाइपलाइनचं काम लागलं. दुलीचंदचे महाराज झाल्याचं त्याला तिथेच कळलं. चहाच्या टपरीवर तो हा किस्सा रंगवून सांगे, आमच्या गावचे लोक माशांचा गू पितात म्हणून पोट धरधरून हसे. हसण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. वाईटपणा कोण घेणार?

तीन महिन्यांनी तो घरी आला तेव्हा बायकोचे, सत्यभामाचे, पाय सुजून खांब झाले होते. तिचा किडनीचा त्रास जुना. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं आणि ती ते इमानाने पाळत होती, ताटात अळणी भाजी होती. पण कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं न फोडता पडली होती आणि शेजारी एक स्टीलची वाटी. महागूने वाटी हुंगली.

"काय पेऊन राह्यली तू हे?"

"अमृत. शेजारची आनंदीकाकू आणून देते. महाराजानं सांगतलं, गोळ्या अन् अमृत संगं चालत नाही."

भाजीत चिमूटभर मीठ न घालणारी बाई रोज सकाळी वाटीभर समुद्र पीत होती. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मान हलवली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही जन्मभर. गोळ्या चालू असत्या तर अजून बरीच वर्षं निघाली असती, ते म्हणाले.

पौर्णिमेला महागू गर्दीत जाऊन बसला. सागरदेव रुसले, पाणी उतरलं. त्याच क्षणी उठून त्याने लाल पडदा ओढून काढला. वरचं वीतभर पाणी खालच्या टाकीत तुडुंब भरलेलं होतं. त्याने महाराजांच्या पायाखालची गादी उलटली, तिथे बटण होतं. ते दाबलं, समुद्र चढला. पुन्हा दाबलं, उतरला.

"पाणी गायब होत नाही बाप्पा," महागू म्हणाला. "वरतं नसन तं खालतं असते. अन् तुमचं अमृत म्हणजे माशायची घाण आहे. हे पाइप म्याच बसवले."

महाराज क्षणभरच गडबडले. मोटर तर निमित्त आहे, ती चालवणारा तोच, असं ते आकाशाकडे बोट दाखवून म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, दोन-चार माना डोलल्यासुद्धा. आनंदीकाकूंनी मात्र हातातली वाटी खाली ठेवली. आपल्याच हाताने आपण सत्यभामाला काय पाजलं, ते त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सत्यभामा मशीनशेजारी पडली होती. एका नळीतून तिचं रक्त बाहेर जात होतं, गाळलं जात होतं, दुसऱ्या नळीतून परत येत होतं. महागूने तिला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमाले कधीपासून मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"साऱ्या उकव्याले सांगतलं. मंग मलेच काहून नाही सांगतलं?"

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि मशीन थांबेपर्यंत महागू तिथेच स्टुलावर बसून राहिला.

तेव्हा वाचकहो, पाणी आपोआप चढलं-उतरलं तर हात जोडण्याआधी टाकीखालचा पडदा उचलून पाहा. कुणी गोळ्या सोडायला सांगितल्या तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पडद्याआड काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते टपरीवर हसण्यासाठी राखून ठेवू नये. आधी घरी सांगावं, आजच सांगावं.