आईंची डबी सापडत नाही

आमच्या छंदाबद्दल सांगायला गेलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे बघतात आणि तिची कीव करतात. करोत बापडे. कुणीतरी एक डबी लपवतं, ती कुठे आहे त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं, आणि आमच्यासारखी धडधाकट माणसं सुट्टीच्या दिवशी पुलाखाली, बाकाखाली, झाडाच्या ढोलीत हात घालत ती शोधतात. सापडली की आतल्या चिठोऱ्यावर सही करायची, डबी होती तिथे ठेवायची आणि ॲपवर नोंद करायची. बस. बक्षीस नाही, काही नाही. ज्याला यातली मजा कळली त्याला कळली, बाकीच्यांनी खुशाल टीव्ही बघावा.

नोंदीचीही एक शिस्त असते. 'सापडली' की 'सापडली नाही' हे प्रामाणिकपणे लिहायचं. डबी साधी की कोड्याची, नखाएवढी की डब्याएवढी, शोधायला किती अवघड, पोचायला किती अवघड, हे लपवणाऱ्याने आधीच सांगायचं. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे पोचायला अवघड असलेल्या डब्यांवर माझा मनापासून राग आहे. माणसाला चढावं लागू नये म्हणून तर आम्ही हातांना ग्रीस फासून घेतो!

सासूबाईंनी मात्र आल्या आल्या हे सगळं वर्गीकरण मोडीत काढलं. त्या नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या. पेन आणि पट्टी घेऊन आयुष्यभर नकाशे काढलेल्या. पहिल्यांदा आमच्याबरोबर आल्या त्या केवळ जावयाचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघायला. बागेच्या फाटकाच्या पोकळ नळीतून मी दोरीला बांधलेली डबी ओढून काढली, आणि बाई कामातून गेल्या. पुढच्या सुट्टीला त्या आमच्याआधी बूट घालून दारात उभ्या.

"नखाएवढी न् डब्याएवढी काय घेऊन बसलात," त्या म्हणायच्या. "लपवणाऱ्याचा स्वभाव नोंदवा की!" कचराकुंडीमागे चिकटवून दिलेली डबी आळशी. काटेरी झुडपात खुपसलेली खवचट. आणि जिथे पोचल्यावर मान वर करावी आणि समोर काहीतरी सुरेख दिसावं, ती प्रेमळ. ॲपवर त्या बिनधास्त तसंच लिहायच्या, मग लपवणारे भांडायला यायचे, "माझी डबी खवचट कशी काय?" आणि सासूबाई त्यांना मुद्देसूद उत्तर द्यायच्या. आम्ही घरात हसून हसून लोळायचो.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की आता आपणही डबी लपवणार.

काय ती तयारी! पाणी न शिरणारी पत्र्याची डबी, आत मेणकापडात गुंडाळलेला सहीचा कागद, नवी पेन्सिल आणि पेन्सिलीला टोक करायचं यंत्रसुद्धा. जागा त्यांनी मला सांगितली नाही, मीही विचारली नाही. घरच्यांनी घरची डबी 'सापडली' म्हणून नोंदवायची नसते. तो आमच्यातला सगळ्यात मोठा हलकटपणा. ॲपवर डबी झळकली त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं नकाशे काढले, पण माझ्या नकाशावरून कुणी कुठे पोचलं का, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. आता निदान कळेल तरी." हे बोलल्या आणि लगेच माझ्या दाढीवर घसरल्या, म्हणजे मी काही उत्तर देऊ नये.

पहिली नोंद आली, 'सापडली नाही.' दुसरी आली, 'सापडली नाही. पार्लरबाहेरच्या कुंड्या उपसल्या, मालकीणबाईंनी हाकललं.' तिसरी एका बसड्रायव्हरची: 'बायकोसह दोनदा आलो. लाजेकाजेस्तव बायकोने भुवया करून घेतल्या. सापडली नाही.'

"पार्लर?" सासूबाई खदखदून हसल्या. "माझ्या डबीच्या आसपास पार्लरच नाही! हे लोक फोन उलटा धरतात की काय?"

पण नोंदी येतच राहिल्या आणि त्यांचं हसू ओसरत गेलं. सगळ्यात शेवटी ॲपची देखरेख करणाऱ्यांचा निरोप आला. इतक्या जणांना डबी सापडलेली नाही, तेव्हा रविवारी संध्याकाळपर्यंत एकालाही सापडली नाही तर ती बाद करण्यात येईल.

मला राहवेना. मी फोनवर आकडे टाकले आणि बाण नेईल तिकडे चालत गेलो. बाणाने मला बाजारातल्या एका पार्लरच्या दारात नेऊन उभं केलं. कुंड्यांवर पाटी होती: 'हात लावणाऱ्याचे केस कापले जातील.'

तिथल्या तिथे माझी ट्यूब पेटली. सासूबाईंच्या कचेरीत अंश, मिनिटं आणि सेकंद चालायचे. ॲपला लागतात अंश, मिनिटं आणि मिनिटाचे दशांश. तीस सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, पॉइंट पाच. सासूबाईंनी सवयीने टिंब देऊन तीसच लिहून टाकलं होतं, आणि डबी जिथे होती तिथून घसरत बाजारात आली होती. ही चूक करायला माणूस नकाशातलाच असावा लागतो. माझ्यासारख्याला ती जमलीच नसती.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई मला एरवी 'तू' म्हणतात, चिडल्या की 'जावईबापू' आणि 'तुम्ही'.

"जावईबापू, तुम्ही मला अक्षांश शिकवणार?"

मी कागदावर गणित मांडलं. त्यांनी ते बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काढून टाक ती डबी," म्हणाल्या. 'तू' म्हणाल्या म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"पत्ता बदलू ना, आई."

"इतक्या लांब सरकवता येत नाही, वाचलंय मी. नवी डबी म्हणून अर्ज करावा लागतो. मी नाही करणार. या वयात एकदा नापास झाले तेवढं पुरे."

मग मला ती भन्नाट कल्पना सुचली, म्हणजे तेव्हा मला ती भन्नाट वाटली. पत्ता सरकत नाही ना? मग डबी सरकवू! लोक पार्लरच्या दारात येतायत, तर डबीच तिथे नेऊन ठेवू. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण रविवारी सकाळी त्यांनी मला डबीची खरी जागा दाखवली. गावामागच्या चढावर पायऱ्या संपतात तिथे पाण्याची टाकी आहे, टाकीच्या कठड्याला एक सैल दगड, त्यामागे पोकळी. समोर बाक. बाकावरून अख्खं गाव दिसत होतं, नदीच्या वळणापर्यंत. मी डबी खिशात घातली आणि आम्ही खाली उतरलो.

पार्लरवाली कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे हा सगळा उपद्व्याप तुमचा?" मग तिने सासूबाईंच्या केसांकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "डबी ठेवा हवी तिथे. पण आधी तुम्ही खुर्चीत बसा. या केसांचं काहीतरी करू दे मला."

थोड्याच वेळात सासूबाईंच्या गळ्याभोवती कापड आणि अर्ध्या डोक्याला तपकिरी रंगाचा लेप. मी डबी कुठल्या कुंडीत बसेल ते बघत होतो, एवढ्यात दाराबाहेर आवाज आला.

"शेवटचं. आज नाही सापडली तर मी पुन्हा येणार नाही."

बसड्रायव्हर! आणि बायको! मी डबी पुन्हा खिशात कोंबली आणि केसांच्या तेलाची बाटली उचलून मन लावून वाचायला लागलो. ड्रायव्हरने बाकाखाली बघितलं, पाटीमागे बघितलं. कुंड्यांशी आला आणि म्हणाला, "यात बघितलंय आपण. यात नाही." झालं! आता मी कुंडीत डबी टाकून काय उपयोग? मी आरशातून सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि पार्लरवालीला हसू आवरेना म्हणून तिने तोंडात कंगवा धरला.

"लिहून टाक," ड्रायव्हरची बायको बाहेर म्हणाली. "फसवी डबी आहे. कुणीतरी मुद्दाम लोकांना हेलपाटे घालायला लावतंय."

मुद्दाम म्हटल्याबरोबर सासूबाई ताठ झाल्या.

"मुद्दाम नाही हो!" त्यांनी आतून हाक मारली. "आत या दोघं. ती डबी माझी आहे. आकडे मी चुकीचे टाकले. मी चुकले."

मी त्या घरचा जावई झाल्यापासून हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. कौतुकाने माझा ऊर भरून आला, तोवर त्या पुढचं वाक्य बोलल्या. "डबी वर टाकीपाशी आहे. थांबा, मी रस्ता काढून देते."

टाकीपाशी! आणि डबी माझ्या खिशात!

सासूबाईंनी पार्लरवालीच्या हातातला ब्रश घेतला, रंगाच्या वाटीत बुडवला आणि समोरच्या आरशावर रेघ ओढली. काय रेघ होती! सरळ, एका दमात. मग आरशातून माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "मी सावकाश काढते. नकाशा घाईत काढायचा नसतो."

मी पळालो.

लिफ्टवाला माणूस पायऱ्या पळत चढतोय हे दृश्य कुणी बघितलं असेल तर त्याने ते कृपा करून विसरावं. खाली काय चाललं होतं ते पार्लरवालीने नंतर सांगितलं. सासूबाईंनी एकेक वळण, एकेक फाटक काढलं. ड्रायव्हर "कळलं, कळलं" म्हणाला, तेव्हा त्यांनी उत्तर दिशेचा बाण काढला. तो दाराकडे वळला तेव्हा त्यांनी त्याला परत बोलावून प्रमाणपट्टी काढली. पार्लरवालीच्याही सगळं लक्षात आलं होतं; ती म्हणाली, "औषधाच्या दुकानापुढचं झाड राहिलं, ते काढा ना." मग झाडाला पानंसुद्धा आली.

मी वर पोचलो तेव्हा माझ्या छातीत गिरणी चालू होती. डबी पोकळीत ढकलली, दगड लावला आणि टाकीमागे उकिडवा बसलो. ते दोघं आले. ड्रायव्हरच्या हातात फोन होता आणि फोनवर आरशाचा फोटो. बाण बघायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. तो थेट कठड्याशी गेला, दगड काढला, आणि "अगं!" एवढंच म्हणाला. बायको डबी बघायला गेलीच नाही. ती बाकापाशी उभी राहून खाली गावाकडे बघत राहिली आणि मग बसली.

मला मुंग्या चावत होत्या. चावू देत. मी तोंडावर हात दाबून हसत होतो आणि का कोण जाणे, डोळे भरून येत होते.

ते उतरल्यावर मी ॲप उघडलं आणि सासूबाईंना फोन लावला.

"आली, आई! नोंद आली!"

"माझा चष्मा लांब ठेवलाय आणि हात रंगलेत. तूच वाच."

मी वाचलं. "रोज बस चालवतो, रस्ते मला कुणी शिकवू नयेत. पण आज एका बाईंनी नकाशा काढून दिला आणि कुठेही थांबून विचारावं लागलं नाही. बायको वर बाकावर बसलीय, उठायला तयार नाही. सापडली."

 पलीकडे मागे चाललेली कात्री थांबली.

"आई?"

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"अरे, धापा टाकत काय वाचतोस! जरा बस तिथे बाकावर, दम खा. आणि मग हळू वाच."