शून्यसरांची सही

विद्यापीठातून निवृत्त झालेल्यांचं मंडळ दर बुधवारी चार वाजता जुन्या वाचनालयामागच्या खोलीत भरायचं. कॅरम, चहा आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी, यापलीकडे तिथे काही घडत नसे. पण जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेली ही माणसं, त्यामुळे स्वतःच्या हजेरीबाबत भलतीच कडक. लाल पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक चहाच्या आधी हातोहात फिरायचं. त्याला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्राचे एक सर बंद घरात पाच दिवस मरून पडले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून नियमच झाला: सही नाही आणि निरोपही नाही, तर त्याच संध्याकाळी दोघांनी घरी जाऊन बघून यायचं.

या नियमाचा राग एकट्या शून्यसरांना. ते गणिताचे. उत्तर बरोबर असलं तरी रीत चुकली की भोपळा देत, म्हणून हे नाव. बायको गेल्यापासून एकटेच राहत, मुलगी दूरच्या शहरात. एके दिवशी त्यांनी मंडळातल्याच सुपरवायझरबाईंना फोन लावला.

"बाई, माझं अध्यक्षांशी वाजलंय. महिनाभर मी तिकडे फिरकणार नाही, आणि निरोप द्यायचा तर त्यांनाच, तोही देणार नाही. पण नाही आलो तर दोन म्हातारे दार ठोठावत येतील, मेलाय की आहे ते बघायला. तेवढी माझी सही ठोकून द्या."

"अहो, काहीतरीच काय! तीस वर्षं परीक्षा विभागात काढलीत मी. कॉपी करणारी पोरं चळाचळा कापायची मला."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. खोट्या सह्या तुमच्याइतक्या पाहिल्यात कुणी?"

बाई हसल्या आणि तिथेच फसल्या. खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटली. जन्मभर नाकासमोर चाललेल्या बाईला सत्तरीत पहिल्यांदा लबाडी करायला मिळत होती, आणि जमतही होती झकास! सरांचं नाव यादीत त्यांच्या नावाच्या अगदी वर. स्वतःची सही करता करता वरची उरकायची, पुस्तक पुढे सरकवायचं. पहिल्या दोन बुधवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. "लागली का माझी हजेरी?" तिसऱ्या बुधवारी फोन आला नाही. स्वारी विसरली असेल, असं बाईंना वाटलं. चौथ्या बुधवारीही त्यांनी सही केली. शुक्रवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

डॉक्टर म्हणाले, जाऊन आठ-नऊ दिवस तरी झाले असावेत. अध्यक्षांनी ते उडवून लावलं. मुलगी धावत आली तेव्हा तिच्यासमोर त्यांनी हजेरीपुस्तक उघडून धरलं. "परवाच्या बुधवारी होते की ते! ही बघ सही. बंद घर, उकाडा, डॉक्टरांचा अंदाज चुकतो गं." मुलीने त्या सहीवर हात ठेवला आणि हमसून हमसून रडली. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा पेला तेवढा पुढे केला.

पुढच्या बुधवारी शोकसभा झाली. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "शेवटच्या दिवशी माझ्याकडून चष्मा पुसायला फडकं घेतलं होतं हो त्यांनी." निवृत्त ग्रंथपाल म्हणाले, "मला म्हणाले, खिडकी लावा, वारा लागतोय." दोघंही खोटं बोलत नव्हते. पुस्तकात सही होती, तेव्हा माणूस होताच, आणि माणूस होता म्हणजे काहीतरी बोललाच असणार. बाई खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. त्या दिवशी ती रिकामीच होती, हे जगात त्यांना एकट्यांना ठाऊक होतं. आणि बघता बघता त्यांनाही तिथे सरांचा बाराही महिन्यांचा राखाडी स्वेटर दिसू लागला. 

पुस्तक फिरत त्यांच्यापाशी आलं. त्यांनी सही केली, पुस्तक पुढे द्यायला उचललं आणि नजर वर गेली. सरांच्या नावापुढे सही होती. शाई अजून ओली. ती आपणच केली असणार, दुसरं कोण करणार? पण केल्याचं काही केल्या आठवेना. बोटाने पुसून, नखाने खरवडून त्यांनी ती काढली, पण कागदावर खळगा राहिलाच. त्या आठवड्यात घरी, भर दुपारी भाजी निवडताना, त्यांचं बोट ताटावर तीच वळणं गिरवताना त्यांनी दोनदा पकडलं. फोन वाजला की त्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसत. पलीकडून हजेरीबद्दल विचारलं तर?

त्याच्या पुढच्या बुधवारी मुलगी परत आली. घर आवरून झालं होतं, संध्याकाळची गाडी होती. तिने अध्यक्षांकडून पुस्तक मागून घेतलं आणि नेमकी बाईंच्याच शेजारी येऊन बसली.

"मावशी, या शेवटच्या सहीचा फोटो घेते. चौकटीत लावणार आहे. डॉक्टर काय काय बोलले ते डोक्यातून जातच नाही. मग ही सही आठवते. बुधवारी चालत इथे आले, चहा प्यायले, म्हणजे फार तर एक दिवस पडून होते. एवढ्यावर झोप लागते मला."

गप्प बसायचं, बस्स. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पोरीला झोप लागत होती. पण बाईंनी लिहिलेल्या खोट्या अक्षरांना ती बाप समजून घरी न्यायला निघाली होती, आणि ते मात्र त्यांना सहन होईना.

"फोटो नको काढूस, बाळ," बाई म्हणाल्या. "ती सही माझी आहे. चारही माझ्या आहेत. सर महिनाभर इथे आलेच नव्हते. त्यांनीच सांगितलं होतं मला, पण केली मी."

 अध्यक्ष अर्धवट उठले आणि तसेच बसले. मुलीने फोन हळूच मांडीवर ठेवला.  बोट पानावर ठेवून तिने मागे मोजलं आणि तिसऱ्या बुधवारच्या सहीवर थांबली.

"ही किती वाजता केलीत?"

"चहाच्या आधी. सव्वाचारला."

"याच्या आधीच्या रविवारपासून बाबा फोन उचलत नव्हते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ते रविवारीच पडले असावेत, पण लगेच गेले नाहीत. तीन-चार दिवस होते. दारापर्यंत सरपटत आले होते." तिने पुस्तक मिटलं. "त्या बुधवारी मी यायला निघाले होते, मावशी, आणि बाबांचा फोनच बिघडला असेल म्हणून राहिले. निघण्याआधी इथे फोन केला. साडेचारला. अध्यक्षकाका म्हणाले, सही आहे की."